पळीवरचं अंडं

आजकालच्या नोकरीवाल्या पोरी मला विचारतात, "मावशी, अंगणवाडी सांभाळून तुमी कोशाचा जोडधंदा कसा केला वो? टाइम कसा काढला?" आता टाइम काय विहिरीतलं पाणी आहे का, दोर सोडला अन् काढला? मी टाइमबिम काही काढला नाही. मला सासू होती. अन् एक वर्ष असं आलं की सासूपेक्षा एका अंड्यानं जास्त दमवलं. तेच सांगते.

कोसा म्हणजे रेशीम. आमच्याकडे येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडावर, उघड्या रानात त्याचे किडे पोसतात. बारीक बारीक किडे झाडावर सोडायचे, ते चाळीसेक दिवस पाला खातात, अंगठ्याएवढे हिरवेगार होतात, मग स्वतःभोवती कोसा विणून आत बसतात. सांगायला सोपं आहे. पण तेवढे दिवस मुंगी, गांधीलमाशी, साळुंकी, माकड, साऱ्यांना तो किडा पेढ्यासारखा दिसतो. म्हणून दिवसभर कोणीतरी झाडाखाली डबा बडवत बसावं लागतं.

गावामागच्या टेकाडावर माझ्या सासऱ्यानं राखलेला येनाचा पट्टा होता. ते गेल्यावर तो मी घेतला. पहिल्याच वर्षी पीक बुडालं. मुंग्यांनी खाल्लेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण सासूनं मुंग्यांना निर्दोष सोडून दिलं.

"अंड्यानं गेलं," ती म्हणाली. "तू रोज अंडे चिवडतं, अन् तोच हात घेऊन झाडाखाली जातं."

आमच्या घरचा नेमच तसा. किडे झाडावर आहेत तोवर जो पट्ट्यात पाय ठेवील त्यानं मासोळी, मटन, अंडं यांना शिवायचं नाही, डोक्याला तेल लावायचं नाही. माझा नवरा तलावात मासोळ्या धरतो, म्हणून तो पट्ट्यातून पहिल्या दिवशीच बाद. घरातही मासोळी शिजायची नाही. चाळीस दिवस तो माणूस टोपलंभर मासोळ्या आणायचा, वडशाच्या बाजारात विकायचा, अन् जेवताना आलूच्या भाजीकडे असा पाहायचा जसं तिनं त्याचं काही चोरलं आहे.

अन् माझं काम काय, तर अंगणवाडीत गरोदर बायांना रोज गरम जेवण अन् एक उकडलेलं अंडं देणं.

दुसऱ्या वर्षी सासूनं रोखठोक सांगितलं, "औंदा कोसा नाई झाला, तं पट्टा धाकटीले. ते घरीच रायते. तिच्या हाताले अंडं नाई." धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिला झुरळ दिसलं तरी ती खाटेवर चढते. पण सासूपुढे बोलणार कोण? मी म्हटलं, ठीक आहे, औंदा अंड्याला बोट लावीन तर शपथ.

एरवी अंडी सोलायला मदतनीस असते. ती नेमकी पोरीच्या बाळंतपणाला गेलेली. मग मी बायांनाच कामाला लावलं. त्याच ट्रेमधून अंडी काढून चुलीवरच्या गंजात टाकत, त्याच सोलत. राहिला फोटो. अंडं देतानाचा फोटो रोज वर पाठवावा लागे, त्यात देणारी मीच दिसली पाहिजे. मी पळी घेतली. पळीत अंडं, हात लांब, तोंड हसरं, खटॅक. गावात फोनला रेंज नाही, ती फक्त टेकाडावर येनाखाली. सकाळी राखण सासूची, दुपारी माझी. म्हणजे दुपारी डबा बडवता बडवता फोटो पाठवायचे, नोंदी भरायच्या. एका हातानं सरकार, एका हातानं साळुंक्या. मला वाटे, माझ्याएवढी हुशार बाई जिल्ह्यात नसेल.

महिना झाला. किडे चांगले बोटभर झाले. अन् एक दिवस सुपरवायझर मॅडम स्कूटीवर हजर. शहरातल्या, इस्त्रीची साडी, स्वभावानं कडक. आल्या तशा फोन काढला.

"हा सोमवारचा फोटो, पळी. हा मंगळवारचा, पळी. बुधवार, पळी. बाई, तुम्ही अंडं देताय की निखारा?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यात एक सातव्या महिन्याची होती, ती मात्र हसली नाही. म्हणाली, "बाई खुद्द हात नाई लावत, मॅडम. आमी म्हटलं, काईतरी असंल अंड्यात." अन् तिनं पदराची गाठ सोडली. आत आजचं अंडं. "मी कुत्र्याले टाकतो रोज."

आता मात्र माझं तोंड उतरलं. तिचे हात कसे, बोरूच्या काड्या. मी मॅडमला सगळा नेम सांगून टाकला, पट्टा, सासू, धाकटी जाऊ, सारं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तुमचे किडे जगावेत म्हणून हिच्या बाळानं उपाशी राहायचं?"

मी पळी पदराआड केली.

"सगळ्यांसमोर एक अंडं खाऊन दाखवा," त्या म्हणाल्या.

मी शेवटचा हात मारून पाहिला. "मंग तुमी बी खा, मॅडम. दोघी मिळून खाऊ."

मॅडम दोन पावलं मागे. "मी नाही खात. आमच्या घरी चालत नाही."

"नुसतं हातात तं घ्या."

"हात पण लावत नाही मी."

त्यावर ज्या हसल्या बाया! ती सातव्या महिन्याचीसुद्धा भिंत धरून हसली. अन् तिला हसताना पाहून मी गंजातून अंडं उचललं, सोललं अन् अख्खं खाल्लं. मीठसुद्धा नाही. मग तिनंही खाल्लं.

बलक अजून घशातच होता, अन् दारात सासू. ऐंशीची म्हातारी, गळ्यात टिनाचा डबा, धापा टाकत.

"चाल लवकर! खालच्या झाडाचा पाला सरला. किडे उतरून राह्यले!"

पाला सरला की किडे भुकेनं खोड उतरतात, अन् खाली मुंग्या वाटच पाहत असतात. तेव्हाच्या तेव्हा किड्यांसकट डहाळ्या कापून भरल्या झाडावर बांधाव्या लागतात. सासूचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. नवरा बाजारात, अन् असता तरी बाद. धाकटी तर किडा पाहूनच खाटेवर चढली असती. राहिले मी. सासूनं माझ्या ओठाकडे पाहिलं.

"खाल्लं?"

"खाल्लं."

ती उंबऱ्यावरच बसली. मग तिनं मान वर केली, तर समोर मॅडम.

"ही कोन?"

"आमच्या मॅडम."

"अंडं खातं का वो तू?"

"नाही आजी, कधीच नाही."

"मासोळी? मटन?"

"नाही."

"डोक्याले तेल?"

"शाम्पू."

"त्याचं काई नाई," सासू उठलीच. "चाल माह्या संग."

मॅडमना नाही म्हणायला जागाच नव्हती. मला अंडं त्यांनीच खायला लावलं होतं. पदर खोचून चढल्या टेकाडावर. मी पट्ट्याच्या बाहेर, दगडावर उभी, तिथून ओरडून शिकवते. "बुडातून कापा! हलवू नका! आता सुतळी!"

"बाई, हा माझ्याकडे बघतोय!"

"पाला मागून राह्यला, मॅडम!"

एक किडा त्यांच्या घड्याळावर जाऊन बसला. त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या, पण डहाळी सोडली नाही. तेवढ्यात रेंज होती म्हणून त्यांचा फोन वाजला. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मी फील्डवर आहे." सासूनं आधी त्यांना "मॅडम" म्हटलं, मग "बाई", अन् शेवटच्या डहाळीला "शाब्बास पोरी".

जाताना त्यांनी भेटीच्या वहीत लिहिलं, "अंडी उत्तम. पळी बंद करावी."

पळी बंद झाली. सासूनं माझ्यासाठी नवा कायदा काढला, अंडी वाटून झाली की तलावात पाच बुड्या, मगच पट्टा. मी रोज ओल्या लुगड्यानं टेकाड चढले. दहाएक दिवसांनी डहाळ्यांना कोसे लटकले, गोल, पिवळट, थेट अंड्यासारखे दिसणारे. सासूला मी ते बोलले नाही. तिनं एक कोसा तोडून कानाशी हलवला, आतला किडा वाजला, म्हणजे कोसा पक्का. धाकटीचं नाव त्या दिवसापासून तिनं काढलं नाही.

पुढच्या वर्षी किडे सोडायच्या आदल्या दिवशी जेवताना ती मला म्हणाली, "औंदा बुड्या राहू दे. थंडी लागन तुले. तुयं अंडं सरकारी हाय, ते नाई लागत."

माझा नवरा हातातला घास हातातच ठेवून म्हणाला, "माय, तलाव बी सरकारीच हाय ना वो?"

सासूनं त्याच्या ताटात पळीभर भाजी वाढली.

"तू आलू खा," ती म्हणाली.