मिठाचे बावीस

काकांना घरातली सगळी भाचरं-पुतणी ‘तिखटमीठकाका’ म्हणत. काका नुसती भाजी आणायला गेले तरी परत आल्यावर मोहिमेचं वर्णन करत. कोपऱ्यावरच्या मरतुकड्या कुत्र्याचा ते घरी पोचेपर्यंत लांडगा झालेला असे. काकू कांदा चिरता चिरता विचारत, “यातलं खरं किती?” मग काका लांडग्याला पुन्हा कुत्र्यावर आणत.

आणि अशा माणसाला पोटापाण्याचं काम काय मिळावं, तर मीठ काढून टाकायचं! एका प्रयोगशाळेत ते रक्तातल्या आरएनएच्या बारक्या बारक्या रेणूंचं वजन करत. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्राचं भारदस्त नाव; काका त्याला ‘तराजू’ म्हणत. तराजू चोख, पण आरएनए भलता लोचट. मिठातला सोडियम दिसला की त्याच्या गळ्यात पडलाच, आणि वजन बावीस एककांनी वाढलंच. काचेची बाटली, घामेजलेलं बोट, कुठूनही मीठ येतं. म्हणून बाटल्या प्लास्टिकच्या, हातात मोजे, आणि नमुना धुऊन धुऊन घ्यायचा.

एवढं ठाऊक असूनही काकांनी दोनदा शोध लावला होता. पहिल्यांदा ‘वजनदार नवा आरएनए’ सापडल्याची बातमी त्यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली. तो काचेच्या बाटलीतला सोडियम निघाला. दुसऱ्यांदाही बावीसच, आणि शोधाशोध केल्यावर काकांच्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी मिळाली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई काकांहून लहान, पण जिभेला धार. म्हणाल्या, “काका, आता पुन्हा बावीस घेऊन आलात ना, तर तराजू दुसऱ्याकडे. तुम्ही बाटल्यांच्या ऑर्डरी बघायच्या.”

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. त्या यंत्रावर त्यांचा जीव होता. घरी येऊन त्यांनी काकूंना हे एका वाक्यात सांगितलं, आणि तेव्हापासून ते अळणीच बोलू लागले. कुत्रा कुत्राच राहिला. काकूंना करमेना. त्या अधूनमधून त्यांच्या कपाळाला हात लावून बघत.

नेमकी अशातच पडद्यावर एक नवी रेघ उगवली, नेहमीच्या रेणूच्या जराशी पुढे. काकांनी डोळे गच्च मिटले. मग हळूच एक डोळा उघडून आकडा वाचला. चौदा! म्हणजे मीठ नव्हे. शरीरानेच त्या रेणूला मिथाइलची, म्हणजे कार्बन-हायड्रोजनची, वजन चौदाने वाढवणारी इवलीशी शेपटी लावली होती, आणि या रेणूला ती असते हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

जिन्यात जाऊन बोंब ठोकावी असं फार वाटलं. पण काकांनी ओठ दाबून धरले आणि नमुना पुन्हा धुतला. चौदा. दुसरा ताजा नमुना घेतला. चौदा. शेवटी रेणूचे तुकडे पाडून एकेकाचं वजन केलं, तर ते जादा चौदा शेवटच्या तुकड्यात ठाण मांडून बसलेले. चुकलो तर तराजू गेला, एवढंच डोक्यात.

बाईंच्या दारात उभे राहून ते म्हणाले, “चौदा आहे. धुऊन जात नाही. शेवटच्या तुकड्यात आहे.”

“एवढंच?” बाई चष्मा काढून बघतच राहिल्या. काकांचं इतकं थोडकं बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्या उठल्या, सगळे आलेख स्वतः तपासले, आणि तिथूनच कुणाला तरी फोन लावला. “अहो, खळबळ उडणार आहे! सगळी पुस्तकं बदलावी लागतील! असले ढिगाने रेणू आमच्याकडे...”

काका मागून खाकरले. “बाई, मीठ.”

बाईंनी जीभ चावली. “म्हणजे, एक रेणू. सध्या एकच,” त्या फोनवर म्हणाल्या, आणि काकांकडे बघून त्यांना हसू आवरेना.

संध्याकाळी काका घरी आले ते चपला काढायच्या आतच सुरू झाले. “अगं, कोपऱ्यावर आज लांडगा! हा एवढा! सरळ अंगावरच आला!”

काकूंनी सुरी खाली ठेवली. कांद्याने की कशाने, डोळे भरून आले होते.

“राहिला म्हणायचा तराजू तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या.