हिरव्या खड्याचा हात

शिवडीच्या खाडीत साचणारा कचरा, परळमध्ये तोडायला काढलेलं पिंपळाचं झाड, दादरच्या किनाऱ्यावरची तेलकट वाळू, यावर मी रेडिओवर बिनधास्त बोलत आले. पर्यावरणाची बातमीदार म्हणून तेच माझं काम. लालबागच्या आमच्या चाळीत याचं कौतुकही होतं. माझा कार्यक्रम लागला की बाबा रेडिओ खिडकीत ठेवून आवाज मोठा करायचे, म्हणजे शेजारी गॅलरीत उभे राहून ऐकतील. मी दुसऱ्यांची उणीदुणी काढत होते तोवर हे कौतुक टिकलं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरगाव चौपाटीवर असतेच. ओहोटीला वाळूवर काय काय उघडं पडतं ते पाहायला मन घट्ट करावं लागतं. प्लास्टरचे कान, मुकुटाचे तुकडे, अर्धी सोंड. यंदाही पालिकेचे कामगार ते गाडीत भरत होते आणि मी त्यांच्या फावड्यांची खरखर टिपत होते. तेवढ्यात एक हात दिसला. आशीर्वादाचा, कोपरापासून तुटलेला, चांगला माझ्या खांद्याएवढ्या उंचीचा. मनगटातल्या कड्यावर लाल खड्यांची ओळ आणि मधोमध एकच हिरवा खडा.

तो खडा माझ्या बाबांनी चिकटवला होता. आमच्या मंडळाच्या मूर्तीवरचे खडे ते तरुणपणापासून लावतात. नोकरीत होते तेव्हा रजा टाकून, आता निवृत्तीनंतर दिवसभर. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या," असं म्हणत आईच त्यांना डबा पोचवते. आशीर्वादाच्या हातावर एक हिरवा खडा, ही त्यांची सही.

तो हात मला हलवेना. कामगार म्हणाले, "गाडी भरली मॅडम, हा उद्या उचलू." मी त्याच्याजवळ बसून राहिले. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

स्टुडिओत जाण्याआधी घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. घरात ते मालवणीच बोलतात, पण त्या दिवशीइतकं हळू कधी बोलले नव्हते.

"बाकीच्यांचा सांग काय ता. आपल्या बाप्पाचा नको. हंयच ऱ्हवचा असा आपल्याक."

"दुसऱ्या मंडळाची मूर्ती असती तर मी गप्प बसले असते का, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. तरी मी निघाले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवून पगार घ्यायचा आणि आपल्या घरच्या मुसळावर पांघरूण घालायचं, हे मला जमणार नव्हतं. माईकसमोर बसून मी सरळ सांगितलं, "हा हात आमच्याच मंडळाच्या मूर्तीचा आहे. त्यावरचे खडे माझ्या वडिलांनी लावले आहेत. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं." रेकॉर्डिंग संपल्यावर निर्मात्याने विचारलं, "नक्की ठेवायचं हे?" मी म्हटलं, "नक्की."

संध्याकाळी घरी परतले तेव्हा वाटलं होतं, आज रेडिओ बंद असेल. जिन्यातच माझा आवाज कानावर आला. रेडिओ खिडकीतच होता. बाबा त्याच्याशेजारी उभे होते आणि गॅलरीत सगळी चाळ. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते म्हणाले, "बंद कर रे तो रेडिओ. आपलीच पोर आपली अब्रू काढतेय."

"पुरो होऊं दे," बाबा म्हणाले.

कार्यक्रम संपला तशी माणसं एकेक करून आत गेली. आमच्याशी कुणी बोललं नाही. बाबाही माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, हा अबोला आता पुढच्या गणपतीपर्यंत चालणार. तरीही बोलले त्याचा पस्तावा होत नव्हता.

सकाळी जाग आली तर ते दारात चपला घालत होते. काखेत गोणपाट आणि मंडपाची जाड दोरी.

"खंय असा तो हात? चल, दाखव माका," ते म्हणाले. "आणि तुझो माईक घे. माका बोलूचा असा."