बर्फाच्या किल्ल्यातलं लोखंडी दार

इथले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. भूत, संकेत, आतला आवाज... आपला कशावरच विश्वास नव्हता. मी नांदेडला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. मशीन बिघडलं तर त्यामागं कारण असतंच, हे माझं रोजचं काम. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

मला एका फॅन्टसी गेमचं वेड आहे — तलवारी, जादू, राक्षस, किल्ले. लॉकडाऊनमध्ये तो सोप्या लेव्हलवर संपवला, मग मधल्या. त्यात सोबतीला एक तिरंदाज बाई असते, तिचं नाव आपण ठेवायचं. मी 'ताई' ठेवलं, कारण माझी मोठी बहीण सुनीता तेव्हा शेजारी बसून तिचे कपडे निवडायची. तिसऱ्यांदा मी सगळ्यात अवघड लेव्हल घेतली. तिथं एकदा मेलात की सगळा खेळ पुसला जातो.

रविवार होता, दुपारचे दोन. मी बर्फाच्या किल्ल्यात होतो. तिथला दगडन्‌दगड मला पाठ. तळघरात शिरलं की मागचं फाटक पडतं, तसं पडलं. पण पुढं जिना असतो तिथं भिंत होती... आणि ताई एका लोखंडी दाराकडं तोंड करून उभी. ते दार मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. पलीकडून ठोकल्याचा आवाज येत होता.

दार उघडेना. सेव्ह होईना, बाहेर पडायचं बटणही चालेना. प्लग काढावा तर फाइल जायची भीती. थंडीनं आम्हा दोघांची ताकद कमी होत चाललेली. वीस मिनिटं मी त्या खोलीत गोल गोल फिरत राहिलो. पंखा फुल होता, घराचं दार उघडं होतं, तरी मला श्वास घेणं जड जायला लागलं. मग ताई वळली आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचे सगळे संवाद मला पाठ आहेत, हा त्यातला नव्हता. अर्थ एवढाच — आतून उघडत नाही, तू बाहेरून उघड.

का ते सांगता येत नाही, मी सुनीताताईला फोन लावला. रिंग जात होती, पण उचलेना. ती धर्माबादला मिरचीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी करते. मग भावजींना लावला.

"मी तर उदगीरला हाय," ते म्हणाले. "ती सकाळी गोडाऊनला जाते म्हणली होती, मिरचीचे नमुने काढायला. का रे, काय झालं?"

नंतर सांगतो म्हणालो आणि त्यांच्याकडून गोडाऊनचे वॉचमन पाशाभाईंचा नंबर घेतला.

"मॅडम? गेल्या असतील कवाच. रविवार हाय न आज."

"स्कूटी बघा जरा, पाशाभाई."

ते बघायला गेले. मग हळू आवाजात, "स्कूटी हाय बघा."

"आतल्या खोल्या उघडा. फोन चालू ठेवा."

पळणाऱ्या चपला ऐकू आल्या, त्यामागं कुठूनतरी ठोकल्याचा आवाज. मग जड दार सरकल्याचा आवाज, मग "या अल्ला..." आणि त्यामागं सुनीताताईचं बारीक कण्हणं. मी पडद्याकडं पाहिलं. जिना जागेवर होता. लोखंडी दार कुठंच नव्हतं.

तिच्या मागं दार लागलं होतं, आतून उघडायची कडी अडकली होती आणि मोबाइल बाहेर टेबलावर राहिला होता. तीन तास ती आत होती. गेम खेळणाऱ्या कितीतरी जणांना मी नंतर विचारलं. तसलं दार कुणालाच, कुठल्याच लेव्हलवर दिसलेलं नाही.

संध्याकाळी मी धर्माबादच्या दवाखान्यात पोचलो. ताई दोन ब्लँकेटांत गुंडाळलेली, पाशाभाई स्टुलावर बसलेले.

"तीन खोल्या हायत," ते मला सांगत होते. "पहिली कोणती उघडू कळंना. मधल्या खोलीतून ठोकून राहिल्या होत्या मॅडम, म्हणून तिकडंच पळालो. न्हाईतर लई उशीर झाला असता."

ताईनं त्यांच्याकडं बघितलं.

"मी न्हाई ठोकलं, पाशाभाई," ती म्हणाली. "माझे हात कवाच बधिर झाले होते. मी पार मागं, पोत्यांवर पडून होते."

फोन चालू होता, ते ठोकणं मीसुद्धा ऐकलं होतं. दाराशी कोण होतं, हे आम्हा तिघांनाही आजवर कळलेलं नाही.