पत्र्याचे कवच

ते प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही, आणि जावे अशी माझी इच्छाही नाही.

मी तेव्हा आळंदी रस्त्याकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. वाहिन्यांवर सकाळ-संध्याकाळ युद्धाची चर्चा चालू होती. शत्रूने आकाशात उंचावर स्फोट केला, तर विजेची अदृश्य लाट येईल आणि घरातला फ्रिज, टीव्ही, मोबाईल सगळे एका क्षणात निकामी होईल, असे संदेश सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होते. नेमका तेव्हाच एक सेल्समन सोसायट्यांच्या हॉलमध्ये सभा घेऊन 'कवचपेटी' विकू लागला. उपकरण पेटीत ठेवा, झाकण लावा आणि निर्धास्त राहा, असा त्याचा मंत्र.

एके दिवशी सकाळची हजेरी संपत असतानाच एक सत्तरीच्या बाई रिक्षावाल्याकडून तशी पेटी उचलवून आत आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळा परिसर त्यांना सिस्टर म्हणतो.

"साहेब, माझी फिर्याद घ्या," त्या म्हणाल्या. "आणि आधीच सांगते, समजूत घालायची नाही."

त्यांच्या यजमानांची फुप्फुसे निकामी होत आली होती. घरी ऑक्सिजनचे यंत्र दिवसभर चालू असायचे. सेल्समनने ते चालू यंत्रच पेटीत बसवले, नळीसाठी भोक पाडले आणि झाकण उघडायचे नाही असे बजावले. दुपारी सिस्टर भाजी आणायला गेल्या. कोंडलेले यंत्र तापून बंद पडले. त्याची धोक्याची शिट्टी पेटीतच दबून राहिली. त्या परतल्या तेव्हा यजमानांचे ओठ निळे पडले होते. घरात ऑक्सिजनचा जादा सिलिंडर होता म्हणून ते वाचले.

"आयुष्यभर लोकांचे पेशंट सांभाळले आणि घरचा पेशंट पत्र्यात कोंडला," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटली होती, साहेब. खोटं कशाला सांगू?"

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. तशीच एक पेटी माझ्या घरीही होती. टीव्हीसाठी मीच हौसेने आणली होती. बोललो मात्र नाही. वर्दीतला माणूस पत्र्याला भुलला, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

वरिष्ठ म्हणाले, "ग्राहक मंचात पाठवा त्यांना. आपल्याकडे कामं कमी आहेत का?" मी म्हणालो, माणूस मरता मरता वाचलाय, गुन्हा दाखल होणार. झाला.

सेल्समनचा पत्ता खोटा निघाला. चार दिवसांनी बिबवेवाडीतल्या एका पत्रे कापणाऱ्या कारागिराने खबर दिली. "साहेब, त्या पेट्या मीच बनवतो. मला धान्याच्या कोठ्या म्हणून ऑर्डर होती. आता पेपरात पेटीचा फोटो बघितला अन् घाबरलो." नवा माल घ्यायला सेल्समन आला, तेव्हा आमची माणसे दुकानात बसलेली होती.

चौकशीत गडी डगमगेना. "माल टेस्टेड आहे, सर. एवढ्या लोकांनी घेतला, एका म्हातारीशिवाय कोणाची कंप्लेंट आहे का?" ते खरे होते. सिस्टरांच्या सोसायटीत निम्म्या घरांनी पेट्या घेतल्या होत्या आणि आम्ही विचारायला गेलो की दारे बंद. सेक्रेटरी तर अटकेआधीच स्वतः ठाण्यात येऊन गेले होते. "अहो साहेब, सोसायटीचं नाव खराब होतंय. सिस्टरांचं वय झालंय, आपण मनावर घेऊ नका."

मुद्देमाल सांभाळणारे आमचे हवालदार शिस्तीचे. संशयिताचा मोबाईल नेटवर्कपासून तोडून ठेवायचा, म्हणजे बाहेरून कोणी त्यातले काही पुसू शकत नाही. एरवी ते डब्यातल्या पोळ्यांची फॉईल गुंडाळत. त्या दिवशी समोर पेटीच होती. त्यांनी सेल्समनचा मोबाईल तिच्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावले.

पाच मिनिटांत पेटी वाजू लागली.

हवालदारच म्हणाले, "साधा फोन अडत नाही हिला, ही लाट अडवणार होय?"

सेल्समनचा चेहरा पांढरा पडला. पंचनाम्यासाठी पंच बसलेलेच होते. त्यांच्यासमोर मी फोन त्याच्या हातात दिला आणि स्पीकर लावायला सांगितला. पलीकडे सेक्रेटरी होते; सेल्समन पकडला गेल्याचे त्यांना अजून कळले नव्हते. "पोलिसांनी गाठलं तरी तू तोंड उघडू नकोस. म्हातारीकडून माघार लिहून घेतो. नाही ऐकलं तर तिचं पाणी तोडतो. माझा वाटा तेवढा विसरू नको."

त्यानंतर सेल्समनला बोलते करावे लागले नाही. तो थांबतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना ताब्यात घ्यायला सोसायटीत गेलो. जिन्याजवळच्या फळ्यावर सिस्टरांच्या हातचा कागद होता. 'मी घाबरले, म्हणून फसले. मी माघार घेणार नाही.' खाली नाव आणि फ्लॅट नंबर. सेक्रेटरींनी तो तीनदा फाडला होता आणि सिस्टरांनी चौथ्यांदा लावला होता. त्याखाली आता वेगवेगळ्या अक्षरांत चार फ्लॅटचे नंबर आले होते.

त्या कागदासमोर मला माझीच लाज वाटली. ठाण्यात परतलो, वरिष्ठांना सगळे सांगितले आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला लावला. मग टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून माझा जबाब दिला. ठाणे हसले. "साहेब, टीव्ही वाचला का?" असे शिपाईसुद्धा विचारू लागले. हसू दे. मी सही केली ती मोकळ्या मनाने.

पुढे एका प्राध्यापकांनी समजावले की लाट अडवायची तर धातू सगळीकडून बंद लागतो, फट किंवा भोक चालत नाही, आणि चालू यंत्र तर कोंडायचेच नाही. ते मी शिकलो. पण नोकरीत जे शिकलो नव्हतो ते सिस्टरांनी शिकवले. घाबरणे हा गुन्हा नाही. ठग आपल्या भीतीवर धंदा सुरू करतो आणि आपल्या लाजेवर तो चालवतो.

खटल्यात वकिलाने मला खोचकपणे विचारले, "आपण अनुभवी अधिकारी, तरी फसलात?"

"हो, फसलो," मी म्हणालो. "जरा मोठ्या अक्षरांत लिहून घ्या."

मागच्या बाकावर सिस्टर बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान होते, नाकात नळी, मांडीवर छोटे यंत्र. कोर्टाच्या त्या शांततेत त्याची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती.