उभ्यानं बोलायचं इंग्रजी

अख्ख्या देवळी तालुक्यात शुद्ध इंग्रजी बोलणारा एकच माणूस आहे, असं आमचे इंग्रजीचे सर मानत, आणि तो कोण हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे त्यांच्याच शाळेत गणित शिकवायला लागलो. सर बसून इंग्रजी बोलत नसत. मराठी खुर्चीत, इंग्रजी उभ्यानं. आणि उभे राहिले की येरझारा आल्याच. स्टाफरूममध्ये ते इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचू लागले की आम्ही आपापले डबे सावरून धरायचो. जगातल्या प्रत्येकाच्या इंग्रजीला ते शंभरपैकी गुण देत. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी बावन्न, बँकेतला तामिळ साहेब चौतीस, म्हणजे नापास. ऑस्ट्रेलियाचा समालोचक लागला की क्रिकेट आवाज बंद करून बघायचं. अमेरिकेला तर त्यांनी परीक्षेलाच बसू दिलं नव्हतं. एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर खुद्द इंग्लंडच्या माणसानं त्यांना सेवाग्रामची गाडी विचारली. त्याचं बोलणं ऐकून सर दोन दिवस अस्वस्थ. शेवटी मला म्हणाले, "गोरा आहे, पण गावठी आहे." त्याला चाळीस दिले.

अशा माणसाच्या हाताखाली वडनेरची एक तरुण बाई इंग्रजी शिकवायला आली. "कम नं बाप्पा, डोन्ट फिअर," असं ती पोरांना फळ्याजवळ बोलवायची. सर व्हरांड्यात कान देऊन तळमळत. "इंग्रजीत पऱ्हाटी निंदून राह्यली ही," म्हणत, जणू इंग्रजी म्हणजे कापसाचं वावर. तिची शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपत आली होती आणि पर्यवेक्षक म्हणून सरांचाच शेरा जायचा होता. शेरा वाईट गेला तर तिची नोकरी गेली, आणि दुसरी मिळायचं वय निघून चाललं होतं.

तास पाहायला सरांनी मला सोबत नेलं. मागच्या बाकावर ते काही टिकेनात. उठले, बसले, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. बाईंचा आवाज कापत होता. मग तिनं पोरांना विचारलं, काल घरी काय झालं ते इंग्रजीत सांगा. एकानं सुरुवात केली: "गोट ईट राशनकार्ड. फादर रन. मदर लाफ." वर्ग हसला आणि धडाधड हात वर झाले. माझ्या तासाला हजेरीसुद्धा खालमानेनं देणारी पोरगी सलग चार वाक्यं बोलली. सर चुका टिपत होते. अर्धं पान झालं आणि त्यांनी लिहिणं सोडून दिलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "माह्या वर्गात इतका कालवा झालता का रे कधी?"

"नाई सर."

"तुले तं सगळं येत होतं. तू काऊन नाई बोलला?"

"चुकीन म्हणून," मी सांगून टाकलं. सांगितलं आणि वाईट वाटलं.

सर तडक ऑफिसात गेले आणि 'कायम करावे' असं लिहून खाली सही केली. बाईंनी पेढे वाटले. सरांनी अर्धाच घेतला.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. मी अधूनमधून त्यांच्याकडे जातो. टेकलो नाही तोच ते म्हणतात, "बोल नं काई इंग्रजीत. चुकलं तरी चालते." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. तोंड उघडतो, आणि मराठीतच पाणी मागतो.