कढईत गेलेला आईचा डावा कान

आमच्या घरात आईचे कान धुण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ते माझ्याइतकं चांगलं अख्ख्या मराठवाड्यात कुणी करत नाही. (बाकीचे कसे करतात ते मी पाहिलेलं नाही. पण खात्री आहे.)

आईला दोन्ही कानांना मशीन आहे. मशीन कानामागे बसतं आणि त्याला नळीनं जोडलेला, तिच्या कानाच्या मापाचा पारदर्शक साचा कानात बसतो. साचा मळला की आमचं बोलणं तिला गोधडीतून आल्यासारखं ऐकू येतं. म्हणून दर रविवारी मी, शाळेतला विज्ञानाचा मास्तर, वाटी घेऊन बसतो. साचा नळीसकट सोडवायचा, कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, नळीतलं पाणी फुंकून काढायचं. मशीनला मात्र फक्त कोरडं फडकं, पाण्याचा थेंब नाही! पाहुणे आले की मी हे प्रात्यक्षिक आवर्जून दाखवतो. हल्ली पाहुणे कमी येतात.

त्या मे महिन्यात माझ्या मुलीचा, स्वरालीचा, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पदवीचा कार्यक्रम होता. सगळ्या मुलांतर्फे भाषण तिचं! तयारीसाठी ती मैत्रिणीकडेच मुक्कामाला होती. इकडे आईनं आठवडाभर धोशा लावला होता.

"पोरगी माईकवर बोलणार हाय. एक अक्षर सुटलं न्हाई पायजे. कान चांगले धुऊन दे मला."

आदल्या दिवशी सकाळी मी साचे असे धुतले, की माझीच नजर लागावी. वाळवायला ते गच्चीवर नेले. (मशीनवाल्या मॅडमनी 'उन्हात ठेवू नका' असं तीनदा बजावलं होतं. पण नांदेडचं ऊन त्यांना जास्त कळतं की मला?) गच्चीवर बाजेवर स्वच्छ धोतर अंथरून बायकोच्या आणि शेजारच्या शकुमावशींच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. कडेला हातभर जागा मोकळी होती. तिथं साचे ठेवले आणि 'पाच मिनिटांत येतो' म्हणून चहाला खाली आलो. चहावर पेपर झाला, पेपरवर डुलकी झाली. परत गेलो तर बाज रिकामी!

"अगं, बाजेवरचं कुठंय?"

"कुरडया होय? भरल्या की डब्यात," बायको म्हणाली.

"आणि कान?"

"कुणाचे कान?"

वाळलेली कुरडई पारदर्शक, साचा पारदर्शक, वर ती वळलेली नळी! मोडक्या कुरडईचा तुकडा याहून वेगळा दिसत नाही. आम्ही एकेक डबा परातीत उपडा केला. तिसऱ्या डब्यात उजवा साचा सापडला. डावा कुठेच नाही.

"अहो, मोडका चुरा मावशींनी नेलाय," बायकोला आठवलं. "पाव्हणे आलेत त्यांच्याकडं, तळायला म्हणून..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. अनवाणी पळालो. शकुमावशी कढईपुढे झारा घेऊन काळजीत उभ्या होत्या.

"बरं झालं मास्तर, तुम्ही आलात. बघा की, केव्हाची तळून राहिले, ही एक कुरडई फुलतच न्हाई!"

"मावशी, तो आईचा डावा कान आहे!"

"अगं बाई! मी तर पाव्हण्याच्या ताटात वाढणार होते!"

साचा बाहेर निघाला तो तांबूस होऊन, नळी पार आकसलेली. नवा बनवून यायला आठ दिवस. कार्यक्रम उद्या सकाळी! आईपुढे तळहात उघडताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तो साचा उलटापालटा करून पाहिला, वास घेतला आणि म्हणाली, "एका कानानं ऐकते. पण पुढं बसव मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत. आईचा उजवा कान स्टेजकडे. हाती कागद न घेता स्वराली बोलत होती आणि चौथीपुढे न शिकलेली माझी आई ओठ हलवत एकेक शब्द टिपून घेत होती. खरं सांगतो, पोरीकडे बघू की आईकडे, असं मला झालं होतं. छाती तर शर्टात मावत नव्हती. तेवढ्यात स्वराली म्हणाली,

"छोटं कामसुद्धा मन लावून कसं करायचं, हे मी बाबांकडून शिकले. दर रविवारी ते आजीच्या कानाची मशीन साफ करतात. एकदाही चुकले नाहीत!"

(तिला आदल्या दिवशीचं कुणी कळवलं नव्हतं.)

मी मान ताठ केली. आई माझ्याकडे बोट दाखवून शेजारच्या बाईंच्या कानात कुजबुजली. तिच्या मते कुजबुजली. डावा कान बंद असल्यानं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"काल यानंच माझा कान तळला!"

मागच्या सगळ्या रांगा वाकून माझ्याकडे बघू लागल्या.

"बाबा?" माईकवरून आवाज आला.

मी मान खाली घातली आणि जो हशा उठला! स्वरालीला डोळे पुसत थांबावं लागलं. मग मात्र ती सावरली, भाषण असं झोकात संपवलं, की सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आईही उठली. टाळ्यांचा आवाज तिच्या कानाला सोसेना, तेव्हा तिनं उजव्या कानातलं मशीन साच्यासकट काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि दोन्ही हात वर करून नातीसाठी टाळ्या वाजवायला लागली.

वाजवता वाजवता माझ्याकडे वळून म्हणाली, "निस्तं धरून बस. धू नगंस!"