हळू घातलेलं गाऱ्हाणं
शिमग्यासाठी धोतर काढायला ट्रंक उघडली आणि तळाशी बाबांचा छातीचा पट्टा सापडला, गुलालाच्या डागासकट. सन दोन हजारच्या आसपास मुंबईत दुर्बिणीतून त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. गावी आल्यावर खोकला आला की टाक्यांपाशी, दोन बरगड्यांमधून फुप्फुस कातडीखाली लिंबाएवढं वर फुगायचं. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "आपोआप आत जातंय तोवर पट्ट्यावर भागवू. पण ओझं नको, ओरडणं नको." त्याच वर्षी शिमग्यात पालखी अंगणात आली. देवापुढे वाडीचं गाऱ्हाणं दरसाल बाबाच घालायचे, अगदी नदीपलीकडे ऐकू जाईल असं. आई म्हणाली, "औंदा दुसरा कोन घालील." बाबा उठले. पट्ट्यावर तळहात दाबून, देवाच्या कानात सांगावं तसं बोलले, "बा देवा, म्हाराजा…" ढोलवाल्याने ढोलावर पंजा ठेवून आवाज थांबवला. माणसं जवळ सरकली आणि दर वाक्याला तितक्याच हळू म्हणाली, "व्हय म्हाराजा." आता बाबा नाहीत, गाऱ्हाणं मी घालतो. माझा आवाज चांगला खणखणीत आहे. तरी आमची वाडी 'व्हय म्हाराजा' अजून हळूच म्हणते, आणि नव्या पोरांना वाटतं, रीतच तशी आहे.